मिलिंगची सर्वो मोटर पुन्हा पुन्हा तापते? पंख्याआधी करंट बघा

सकाळी मशीन सुरू केलं की सगळं ठीक. तासाभराने झेडच्या (वर-खाली जाणाऱ्या अक्षाच्या) मोटरला हात लावावा तर चटका बसतो आणि थोड्या वेळाने ड्राइव्ह (मोटरला करंट पुरवणारा कंट्रोलर) ओव्हरलोडचा अलार्म देऊन गप्प होतो. अर्धा तास थांबून चालू केलं की पुन्हा बिनतक्रार चालतं, आणि मग पुन्हा तेच. हाताने चालणाऱ्या मिलिंगवर बॉलस्क्रू (गोळ्यांवर फिरणारा, कमी घर्षणाचा स्क्रू) आणि सर्वो (एन्कोडरने आपली जागा सतत तपासणारी मोटर) चढवून ज्यांनी घरीच सीएनसी केलं आहे, त्यांच्याकडे ही तक्रार फिरून फिरून येते. बहुतेकांचा पहिला इलाज ठरलेला असतो: मोटरवर पंखा. त्याने तापमान उतरतं, अलार्म काही दिवस लांबतो, उन्हाळा आला की पुन्हा सुरू होतो.

मोटर नेमकी कधी तापते हे नीट पाहिलं तर कारण बहुधा तिथेच सापडतं. नुसती उभी असताना, रिकामी फिरताना, की कट चालू असताना? या तीन उत्तरांमागची कारणं अगदी वेगळी आहेत.

आधी थोडा हिशेब. मिलिंगवरच्या वेगांना सर्वोतली बरीचशी उष्णता वाइंडिंगच्या तांब्यातून येते आणि ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट २० टक्के जास्त गेला तर उष्णता ४४ टक्के वाढते. करंट दुप्पट तर उष्णता चौपट. त्यात भर म्हणजे तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो. २५ डिग्रीचं वाइंडिंग १०० वर गेलं की त्याच करंटला सुमारे २९ टक्के जास्त उष्णता निघते. शिवाय मॅग्नेट तापले की त्यांचा जोर थोडा कमी होतो, म्हणजे तेवढ्याच टॉर्कसाठी ड्राइव्हला आणखी करंट द्यावा लागतो. म्हणून मर्यादेच्या जवळ चालणारी मोटर तासभर शांत राहते आणि मग अचानक हाताबाहेर जाते.

खरंच जास्त तापते आहे का?

हात हे चांगलं थर्मामीटर नाही. ६० डिग्रीच्या धातूवर हात टिकत नाही, पण सर्वोला ६० म्हणजे काहीच नाही. औद्योगिक सर्वोचं इन्सुलेशन बहुधा बी किंवा एफ क्लासचं असतं. बी क्लासची मर्यादा १३० डिग्री आणि एफची १५५, आणि ही मर्यादा वाइंडिंगच्या सर्वांत गरम जागेची असते, बाहेरच्या अंगाची नाही. त्यामुळे दिवसभराच्या कामानंतर बॉडी ६५-७० वर गेली तर झोप उडवायचं कारण नाही. ८५-९० ला पोचली तर मात्र बघायलाच हवं. आणि "सर्वो" म्हणून घेतलेली मोटर मुळात क्लोज्ड-लूप स्टेपर (एन्कोडर जोडलेली, पायरी-पायरीने फिरणारी मोटर) असेल, तर ती तशीही गरमच चालते. तिथे आधी ड्राइव्हमधला होल्डिंग करंट (उभ्या मोटरला धरून ठेवणारा) कमी करून पाहा, निम्म्यावर आणला तरी बहुतेक अक्षांना पुरतो.

इन्फ्रारेड गन चकचकीत अॅल्युमिनियमवर सर्रास खोटं बोलते, बरंच कमी दाखवते. मोटरवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि गन त्या टेपवर धरा. मल्टिमीटरबरोबर के-टाइप थर्मोकपल आली असेल तर ती टेपखाली दाबून ठेवणं त्याहून चांगलं.

आतलं तापमान पाहायचं तर वाइंडिंगलाच विचारावं लागतं. मशीन रात्रभर बंद असताना मोटरच्या दोन फेजमधला रेझिस्टन्स मोजून लिहून ठेवा, सोबत खोलीचं तापमानही. मग तासभर नेहमीचं काम करा, मेन बंद करा, ड्राइव्हचे कपॅसिटर उतरेपर्यंत थांबा (पॅनेलवरचा चार्ज दिवा विझू द्या) आणि कनेक्टर काढून पुन्हा मोजा. समजा २५ डिग्रीला १.२० ओहम होते, आता १.५० आले. दोन्हींचा भागाकार १.२५. तांब्यासाठी २३४.५ हा आकडा धरतात: (२३४.५ + २५) गुणिले १.२५, त्यातून २३४.५ वजा. उत्तर ९० डिग्री, आणि हे वाइंडिंगचं सरासरी तापमान. त्याच वेळी बॉडीवर ५५-६० दिसत असेल. एवढ्या कमी ओहमला साध्या मीटरवर भरवसा ठेवू नका. बेंच सप्लायमधून नेमका १ अँपिअर सोडा आणि मोटरच्या पिनांवरचे मिलिव्होल्ट वाचा, म्हणजे प्रोबच्या तारांचा रेझिस्टन्स मध्ये येत नाही.

जुन्या मशीनमधून काढलेल्या ब्रशवाल्या डीसी सर्वोला हे जास्तच लागू आहे. तिचं वाइंडिंग फिरत्या आर्मेचरवर असतं. उष्णतेला बाहेर यायचं तर हवेची फट ओलांडावी लागते किंवा शाफ्ट आणि बेअरिंगमधून यावं लागतं. बॉडी कोमट असताना आत आर्मेचर भाजत असू शकतं. एसी सर्वोचं वाइंडिंग बाहेरच्या स्टेटरमध्ये असल्यामुळे तिचं अंग आतली परिस्थिती बरीच खरी सांगतं. ब्रशवाल्या मोटरचं मोजमाप घेताना शाफ्ट थोडा थोडा फिरवून चार-पाच वाचनांची सरासरी काढा, कारण ब्रशखाली कम्युटेटरचा कुठला पट्टा आहे त्यानुसार आकडा हलतो.

उभी असताना तापते

घरगुती रूपांतरात हेच सगळ्यात जास्त दिसतं, आणि सगळ्यात जास्त झेडवर.

पूर्वी हेड किंवा नी (टेबल पेलणारा भाग) वर-खाली करायला ट्रॅपेझॉइडल स्क्रू होता. तो स्वतःच अडून राहायचा, हात सोडला तरी हेड जागच्या जागी. त्याच्या जागी बॉलस्क्रू आला आणि ते अडणं गेलं. आता हेडचं वजन चोवीस तास मोटरने पेलायचं. ४० किलोचं हेड म्हणजे सुमारे ३९२ न्यूटन. ५ मिलिमीटर लीडच्या (एका फेरीत ५ मिलिमीटर सरकवणाऱ्या) बॉलस्क्रूवर थेट जोडलेल्या मोटरला त्यासाठी ०.३१ न्यूटन-मीटर लागतात, १० मिलिमीटर लीडला ०.६२. साधारण ४०० वॅटची, १.२७ न्यूटन-मीटरची एसी सर्वो असेल तर पहिल्यात ती रेटिंगच्या पाव भागावर उभी आहे आणि तांब्यातली उष्णता पूर्ण रेटिंगच्या फक्त ६ टक्के. दुसऱ्यात जवळजवळ निम्म्या टॉर्कवर आणि २४ टक्के उष्णतेवर, तेही काहीच न करता. आणि मोटर ०.५ न्यूटन-मीटरची छोटी डीसी असेल तर १० लीडवर ती नुसती उभी राहूनच ओव्हरलोड आहे. तिथे कितीही पंखे लावा.

एसी सर्वोचं आणखी एक आहे. फिरताना करंट तिन्ही फेजमध्ये वाटला जातो. एका जागी अडवून धरलेली असताना मात्र तो डीसीसारखा स्थिर राहतो आणि रोटर जिथे थांबला त्यानुसार एकाच फेजवर सगळ्यात जास्त भार येऊ शकतो. तिथे उष्णता सरासरीच्या दुपटीपर्यंत जाते. म्हणूनच होल्डिंगचा टॉर्क रेटिंगच्या बराच खाली ठेवावा. साधा एसी क्लॅम्पमीटर हा थांबलेला करंट दाखवतच नाही, शून्य दाखवून निश्चिंत करतो. डीसी मोजणारा क्लॅम्प हवा, नाहीतर ड्राइव्हच्या डिस्प्लेवरचा टॉर्कचा टक्का वाचा.

यावर उपाय वजन काढून घेण्याचा. गॅस स्प्रिंग स्वस्त आणि सोपा. ३९२ न्यूटनच्या हेडला ३५० चा स्प्रिंग लावला की मोटरच्या वाट्याला ४२ न्यूटन उरतात. स्प्रिंग वजनाएवढाच घेऊ नका, थोडा कमीच ठेवा. नट कायम एकाच बाजूने टेकलेला राहतो आणि बॅकलॅश (स्क्रू-नटमधली ढिलाई) असेल तरी हेड डुलत नाही. स्प्रिंग दबला की त्याचा जोर वाढतो, म्हणून हिशेब स्ट्रोकच्या दोन्ही टोकांना करा. काउंटरवेटही चालतं, पण हलवायचं वस्तुमान जवळजवळ दुप्पट होतं आणि जोरात रॅपिड (कट न करता वेगाने जाणं) मारताना ती किंमत मोजावी लागते.

वजन नसलेला एक्स किंवा वाय अक्ष उभा राहून तापत असेल तर संशय हंटिंगचा, म्हणजे मोटर हव्या जागेच्या आजूबाजूला सतत पुढे-मागे होत राहण्याचा. मशीन एनेबल करा, अक्ष हलवू नका, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या बॉडीवर आणि मूठ कानाला लावा. निरोगी मोटर जवळजवळ मुकी असते. हंटिंग असेल तर दर सेकंदाला एक-दोनदा "टुक... टुक" किंवा सतत गुणगुण ऐकू येते. लिनक्ससीएनसी (सीएनसी चालवायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्यातल्या हॅलस्कोपच्या आलेखात फॉलोइंग एरर (हवी जागा आणि खरी जागा यांतला फरक) पाहा: हळू चढत जातो, झटकन उलट्या बाजूला उडी मारतो, पुन्हा चढतो. घडतं ते असं: टेबल स्थिर घर्षणाने अडकलेलं असतं आणि एक-दोन काउंटांची (एन्कोडरच्या सगळ्यात छोट्या पायऱ्यांची) चूक शिल्लक असते. कंट्रोल लूपमधला इंटिग्रल ती चूक साठवत जातो, करंट वाढत जातो. एका क्षणी टेबल सुटतं आणि हव्या जागेच्या पलीकडे जाऊन पुन्हा अडकतं. आता हाच खेळ उलट दिशेने. टेबल मायक्रॉनमध्ये हलतं, पण मोटर दिवसभर ढकलत असते.

इथे आय (इंटिग्रलचा) गेन कमी करणं आणि एक-दोन काउंटांचा डेडबँड (तेवढ्या चुकीकडे दुर्लक्ष करण्याची सूट) देणं लगेच लागू पडतं. लिनक्ससीएनसीच्या पीआयडीत (चुकीवरून मोटरला हुकूम देणाऱ्या लूपमध्ये) डेडबँड नावाचाच पॅरामीटर आहे. पण मुळात टेबल अडकतं का, ते पुढे पाहूच. टेबलावर ग्लास स्केल (जागा मोजणारी काचेची पट्टी) लावून पोझिशन तिथून घेत असाल आणि स्क्रूमध्ये प्ले (ढिलाई) असेल, तर हंटिंग गेनने पूर्ण जात नाही. वेगाचा लूप मोटरच्या एन्कोडरवर आणि पोझिशन स्केलवर अशी विभागणी करावी लागते, आणि प्ले कमी करावा लागतो तो वेगळाच.

सतत बारीक फुसफुस ऐकू येत असेल तर ते हंटिंग नसून डी गेनचा (चूक किती वेगाने बदलते त्यावर प्रतिसाद देणाऱ्या गेनचा) आवाज असतो. ५०० लाइनचा एन्कोडर म्हणजे फेरीला २००० काउंट. एका काउंटची चुळबुळही डी मोठा असला की करंटचा झटका बनते. डी उतरवा, फिल्टर द्या, जमलं तर बारीक एन्कोडर बसवा.

दोन कारणं अजून, आणि दोन्ही सहज सुटून जातात. ब्रशवाली मोटर कपलिंगमधून सोडवून टेबलावर ठेवली, नुसती एनेबल केली आणि तरी गरम झाली, तर दोष पीडब्ल्यूएमच्या (व्होल्टेज वेगाने चालू-बंद करण्याच्या) रिपलचा, म्हणजे करंटच्या चढउताराचा, असू शकतो. काही ड्राइव्ह शून्य टॉर्कलाही पूर्ण व्होल्टेज निम्मा वेळ सुलट, निम्मा वेळ उलट देतात. ७० व्होल्ट, २० किलोहर्ट्झ आणि १ मिलिहेन्रीच्या मोटरला हा रिपल टोकापासून टोकापर्यंत पावणेदोन अँपिअर, तेवढा चालतो. मोटर ०.२ मिलिहेन्रीची असेल तर पावणेनऊ अँपिअर, म्हणजे उष्णतेच्या हिशेबाने अडीच अँपिअर कायमचे. मोटरच्या तारेत सिरीज चोक (करंटचा चढउतार दाबणारी कॉइल) घाला किंवा सप्लायचं व्होल्टेज कमी करा. दुसरं, ब्रेकवाली झेड मोटर मागच्या टोकाला कोमट लागली तर घाबरू नका, सुटलेल्या ब्रेकची कॉइल तेवढी तापतेच.

रिकामी फिरताना तापते

आता घर्षण. झेडवर काम असेल तर आधी हेडखाली लाकडी ठोकळा द्या. कपलिंग सुटलं की हेड खाली येतं, आणि बोटं बऱ्याचदा तिथेच असतात.

अक्ष मिनिटाला १०० मिलिमीटर अशा संथ फीडने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवा आणि ड्राइव्हवरचा टॉर्कचा टक्का पाहत राहा. या एका चाचणीतून जितकं कळतं तितकं तासन्‌तास ट्यूनिंग करून कळत नाही. आकडा सगळीकडे सारखाच पण जास्त असेल तर जिब (सरकत्या भागातली ढिलाई काढणारी पट्टी) आवळलेली आहे, वेजवर (सरकायच्या पृष्ठभागांवर) तेल पोचत नाही किंवा स्क्रूच्या बेअरिंगचा प्रीलोड (आधीच दिलेला दाब) जास्त झाला आहे. बेअरिंगच्या घराला हात लावा. ते मोटरपेक्षा गरम असेल तर उष्णता तिथून मोटरकडे येते आहे. आकडा एका टोकाकडे चढत जात असेल तर नटाचा ब्रॅकेट आणि बेअरिंग ब्लॉक एका रेषेत नाहीत. टेबल त्या टोकाला आलं की स्क्रूला वाकायला जागा उरत नाही, म्हणून तिथे ते लगेच कळतं. ब्रॅकेटचे स्क्रू ढिले करा, टेबल त्या टोकाला न्या आणि तिथेच आवळा. स्क्रूच्या प्रत्येक फेरीला आकडा वर-खाली होत असेल तर कपलिंग तिरकं बसलं आहे किंवा शाफ्ट वाकलेला आहे. डायल गेज लावून बघा.

वापरलेल्या जुन्या मशीनवर आणखी एक नमुना दिसतो: मध्ये हलकं, दोन्ही टोकांना जड. वर्षानुवर्षं काम मध्यावरच झालेलं असतं, वेज तिथेच झिजलेल्या असतात. मध्ये प्ले राहू नये म्हणून जिब आवळली की टोकांना ती चावते. खरा इलाज स्क्रेपिंगचा (पृष्ठभाग हाताने खरवडून सरळ करण्याचा). तो होईपर्यंत टोकांना अक्ष फिरेल इतकी जिब सैल ठेवा आणि मधला थोडा प्ले पत्करा.

घर्षण ठीक आहे, तरी करंट जास्त? मग कम्युटेशन (रोटरच्या जागेनुसार फेजना करंट देण्याची जुळणी) तपासा. स्वतः एन्कोडर बसवलेल्या किंवा जुन्या एसी मोटरला वेगळा ड्राइव्ह लावलेल्या मशीनवर ऑफसेट (एन्कोडरचं शून्य आणि रोटर यांतला कोन) चुकण्याची शक्यता खूप. ३० इलेक्ट्रिकल डिग्रीची चूक असेल तर त्याच टॉर्कला करंट १५ टक्के आणि उष्णता ३३ टक्के जास्त लागते. ४५ ला उष्णता थेट दुप्पट. चार पोल-जोड्यांच्या मोटरवर ३० इलेक्ट्रिकल डिग्री म्हणजे शाफ्टचे जेमतेम साडेसात अंश, एन्कोडरच्या ग्रब स्क्रूने सुटून तेवढं सरकणं काहीच अवघड नाही. हॉल सेन्सरवर चालणाऱ्या ड्राइव्हवर याची खूण म्हणजे एका दिशेला मोटर जोमदार आणि दुसरीकडे मरगळलेली. ऑफसेट पुन्हा शोधा आणि स्क्रूला लॉकटाइट लावा.

ब्रेक घासतो आहे का, हेही इथेच बघा. २४ व्होल्टचा ब्रेक लांब आणि बारीक तारेवर असेल तर मोटरपाशी व्होल्टेज कमी पोचतं, ब्रेक अर्धवट सुटतो. मोटरच्या कनेक्टरवर, ब्रेक सुटलेला असताना मोजा.

अॅक्सेलरेशन कमी करण्याचा सल्ला सगळे देतात. तो बरोबर आहे, पण फायदा वाटतो तितका नसतो. अॅक्सेलरेशन निम्मं केलं की उष्णतेचा वेग पावपट होतो, मात्र वेग घ्यायला वेळ दुप्पट लागतो, म्हणून एका हालचालीमागची उष्णता निम्मीच होते. छोट्या छोट्या हालचालींच्या थ्री-डी कामात हा फरक ठळक दिसतो, लांब सरळ कटमध्ये जवळजवळ नाहीच.

पुलीचा विचार करा

माझ्या मते घरगुती मशीनवरचा सगळ्यात दुर्लक्षित उपाय म्हणजे टाइमिंग बेल्टचं रिडक्शन. ३००० आरपीएमची मोटर ५ मिलिमीटर लीडला थेट जोडली तर कागदावर मिनिटाला १५ मीटर रॅपिड मिळतो. असलं मशीन कोणी तीन-पाच मीटरच्या वर चालवत नाही. म्हणजे मोटर कायम तिच्या वेगाच्या एक-तृतीयांशाच्या आतच, जास्त टॉर्क आणि जास्त करंट घेऊन राबते. दोनास एक पुली लावली तर टॉर्कची गरज निम्मी, तांब्यातली उष्णता पाव, आणि रॅपिड तरीही साडेसात मीटर उरतो. झेडवर तर होल्डिंगचा टॉर्कही निम्मा होतो. बेल्टचा ताण मात्र मापात ठेवा, अति ताणलेला बेल्ट मोटरच्या पुढच्या बेअरिंगचा जीव घेतो.

कट चालू असतानाच तापते अशी तक्रार खरी फार कमी वेळा निघते. ५०० न्यूटनचा थ्रस्ट ५ लीडवर जेमतेम ०.४४ न्यूटन-मीटर मागतो. तेव्हाच तापत असेल तर कटर बोथट आहे, किंवा मोटर त्या अक्षाला मुळात छोटी आहे.

मग थंड करण्याचं

कॅटलॉगमधलं रेटिंग मोटर एका ठरावीक मापाच्या अॅल्युमिनियम प्लेटवर, बहुधा ४० डिग्रीपर्यंतच्या हवेत बसवली आहे असं धरून दिलेलं असतं. २५० गुणिले २५० गुणिले ६ मिलिमीटरची प्लेट हे छोट्या मोटरांसाठी नेहमीचं माप. म्हणजे उष्णतेचा मोठा वाटा फ्लँजमधून (मोटर बसवायच्या पुढच्या तोंडातून) बाहेर जावा अशी अपेक्षा आहे. घरी मोटर चार गोल पिलरवर उभी केली की तो रस्ताच बंद होतो. जाड अॅल्युमिनियमचा बंद ब्रॅकेट, समोरासमोरचे चेहरे फेस केलेले, हे पंख्याहून टिकाऊ काम. पीएलएचा छापलेला ब्रॅकेट तर नकोच, तो ६० च्या आसपास मऊ पडतो आणि बेल्टच्या ताणाने मोटर झुकते.

पण फ्लँजमधून सोडलेली उष्णता कास्टिंगमध्ये आणि स्क्रूमध्येही जाते, हे ध्यानात ठेवा. स्टील मीटरमागे दर डिग्रीला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. अर्ध्या मीटरचा स्क्रू १० डिग्रीने तापला की ६० मायक्रॉन लांब. दुपारनंतर जॉबचं माप सरकत असेल तर बॅकलॅश शोधण्याआधी स्क्रू आणि बेअरिंग किती तापलं ते बघा. म्हणून करंट कमी करणं महत्त्वाचं; निर्माण न झालेली उष्णता कुठेही जात नाही.

एवढं करून उरलेल्या उष्णतेसाठी पंखा लावा, जरूर लावा. हवा बॉडीच्या लांबीवरून जाऊ द्या, आणि ती कीस किंवा कूलंटच्या फवाऱ्याच्या बाजूने ओढू नका. हवा आत येऊ देणाऱ्या ब्रशच्या मोटरमध्ये तर बारीक कीस सरळ कम्युटेटरवर जाऊन बसतो. ब्रशची काळी पूड वेळच्या वेळी साफ करा.

शेवटी प्रत्येक मोटरवर एक बायमेटल थर्मल स्विच चिकटवा, नॉर्मली क्लोज्ड, एसीला ८५-९० चा आणि ब्रशवाल्या डीसीला ७० चा, आणि एनेबलच्या साखळीत सिरीजमध्ये जोडा. झेडचा स्विच उघडला की एनेबल जाण्याआधी ब्रेक लागला पाहिजे. ड्राइव्हमध्ये त्यासाठी ब्रेक-डिलेचा पॅरामीटर असतो, तो भरा. मग हेडखाली ठोकळा ठेवून स्विचची तार हाताने सोडवा आणि डायल गेजवर हेड किती खाली आलं ते वाचा.